माझं पोरगं आणि गुलाम रसूल वस्ताद

गुलाम रसूल पिंजारी गेला तेव्हा त्याच्या जनाज्याला एवढी माणसं लोटली की मला खांदा मिळाला नाही. खरं सांगतो, तो गेल्याचं दुःख होण्याआधी मला त्या गर्दीचाच राग आला. दुसरी जर्मन लढाई संपली त्या सालची गोष्ट. आमच्या धाड गावात बाजाराचा दिवस होता, आणि दुकानदारांनी भरल्या बाजारात माल झाकून ठेवला. मोताळ्याकडची पोरं आली होती, धामणगाव बढ्याची आली होती, शिवेपलीकडून निजामाच्या मोगलाईतल्या खेड्यांतूनही गाड्या जुंपून आली होती. मी खांदा द्यायला पुढं झालो की कोणीतरी तरणा गडी "काका, तुमी ऱ्हाऊ द्या" म्हणून मला हळूच बाजूला सारी. मी रंगराव, गावातला खातापिता शेतकरी, त्याच्याच वयाचा, त्याच्याच बरोबर एका आखाड्यात वाढलेला, आणि मला त्याच्या मागं धूळ खात चालावं लागलं. चालता चालता मनात आलं की आपण मेलो तर कोण येईल. भाऊबंद येतील, वाटणीवर डोळा ठेवून. सालदार येतील, न येऊन सांगतात कोणाला. बाकी कोणाचं नाव आठवेना.

मी त्याच्यावर जळत होतो. त्यात लपवण्यासारखं काही नाही, गावात शेंबड्या पोरालाही ते ठाऊक आहे. माझी बायको मंजुळा म्हणायची, "तुमची अर्धी जिनगानी त्या पिंजाऱ्यानं खाल्ली, आन त्या बिचाऱ्याले पत्ताबी नाई." पत्ता होता त्याला, चांगला होता. पण आता लोक त्याच्याविषयी जे सांगत सुटले आहेत, देवमाणूस होता, फकीर होता, ते मला ऐकवत नाही. म्हणून म्हटलं आपणच सांगावं. जळणारा माणूस निदान खोटी स्तुती तरी करत नाही.

तर देवमाणूस तो मुळीच नव्हता. मिशीला मेंदी लावायचा, आणि ती नीट रंगली नाही तर दिवसभर कोणाशी बोलायचा नाही. शिव्या अशा द्यायचा की आखाड्याजवळून जाणाऱ्या बाया पदर कानावर घ्यायच्या. लग्नाच्या पंगतीत बसला की वाढपी दमायचे. धंदा पिंजाऱ्याचा, कापूस पिंजून गाद्या-रजया भरून द्यायचा. पण थंडी पडायच्या आधी टाकलेली रजई होळी आली तरी मिळत नसे. विचारायला गेलं की त्याची बायको नसीमा दारातूनच सांगायची, "गाद्या मी भरतो, हा पोट्टे भरते. तुमाले काय पाह्यजे ते बोला." एकदा त्यानं माझी बैलजोडी माती वाहायला नेली आणि आठवण करून दिल्याशिवाय परत आणली नाही. आणली तेव्हा वर मलाच म्हणाला, "बैल उपाशी ठेवतं काय बे?"

आम्ही दोघं कडूबा वस्तादाचे चेले. कडूबाचा आखाडा ओढ्याच्या काठाला होता. छप्पर पळाट्यांचं, म्हणजे कपाशीच्या काड्यांचं, आणि माती साधी, गावठाणातली पांढरी, चाळून घेतलेली. तिथं मी आणि गुलाम रसूल जोडीदार होतो. आता नीट ऐका, कारण गावात हे कोणी सांगत नाही: कुस्तीत मी त्याला पाडत असे. एकदा नाही, नेहमी. चिखलीच्या दंगलीत मी कुस्ती मारली होती आणि हा पहिल्याच जोडीला चितपट होऊन धूळ झाडत परत आला होता. माझ्या अंगात रग होती, घरचं दूध-तूप होतं. त्याच्याकडं काय होतं तर पिंजण मारून मारून झालेले खांदे, आणि पाडून घेतल्यावर पडल्या पडल्या हसायची खोड.

कडूबा म्हातारा झाला. आमच्याकडं आखाडा सोपवायची रीत अशी की वस्ताद माती खणायचं फावडं ज्याच्या हातात देईल तो पुढचा वस्ताद. सगळ्यांना वाटत होतं फावडं माझ्या हाती येणार. मलाही वाटत होतं, म्हणून मी त्या दिवशी नवं धोतर नेसून गेलो होतो. कडूबानं फावडं उचललं आणि गुलाम रसूलच्या हातात दिलं.

मी गप्प बसणारा नव्हतो. सगळ्यांसमोर विचारलं, "वस्ताद, मी याले पाडतो. मंग याले काऊन?"

म्हातारा म्हणाला, "तू पाडतं. थो पाह्यते."

एवढंच. ते मला तेव्हा कळलं नाही, आणि कळल्यावर जास्त झोंबलं. कारण खरंच, मी कुस्ती खेळायचो तेव्हा मला समोरचा माणूस दिसायचा नाही, आपला दंड तेवढा दिसायचा. हा मात्र कडेला बसून प्रत्येकाचं पाहायचा. कोणाचा श्वास आधी फुलतो, कोण डाव्या पायावर भार टाकतो, कोणाला घरी मार बसला आहे. मला पाडता येत नव्हतं म्हणून त्याला पाहत बसावं लागलं, अशी मी माझी समजूत घालून घेतली. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात ना, त्यातला प्रकार. फक्त इथं नाचता मला येत होतं आणि अंगण त्याला मिळालं होतं.

मग मी ठरवलं की आपली तालीम काढायची. काढली. दगडी जोत्याची, वर कवेलूंचं छप्पर, आत मारुतीची शेंदूर लावलेली मूर्ती. पांढऱ्या मातीला हात लावायचा नाही म्हणून घाटावरून गाड्या भरभरून तांबडी माती आणली. गावची पोरं बघायला आली आणि तोंडात बोटं घालून उभी राहिली. माझ्या मुलाला, भगवंताला, तेव्हा मिसरूड फुटत होतं. तालमीत पहिला लंगोट त्यानं लावला आणि मी माझ्या हातानं त्याच्या मनगटावर गंडा बांधला. गंडा म्हणजे वस्तादानं शागिर्दाला बांधायचा काळा दोरा. तो बांधला की पोरगं त्या वस्तादाचं झालं. दंगलीत पुकारा होतो तो वस्तादाच्या नावानं, आणि जिंकलं तर मानाचा फेटाही वस्तादालाच. दुसऱ्या कोणाला ते पोरगं घ्यायचं असेल तर जुन्या वस्तादानं चारचौघांत तोंडानं 'दिला' म्हणावं लागतं. त्याशिवाय त्याला कोणी हात लावत नाही. माझी आयुष्यात एकच इच्छा उरली होती: भगवंतानं मोठी कुस्ती मारावी, आणि पुकारणाऱ्यानं गावभर ऐकू जाईल असं 'रंगराव वस्तादाचा पठ्ठा' म्हणावं. गुलाम रसूलनं ते कान देऊन ऐकावं.

वर्षभर पोरं माझ्याकडं होती. पिंजाऱ्याच्या पळाट्याच्या छपराखाली त्याची दोन-चार उरली होती, जी कोणालाच नको होती. मग मी एक शहाणपणा केला. आखाड्याची माती मऊ राहावी म्हणून तिच्यात थोडं तेल, थोडं ताक, हळद, लिंबू घालतात, हे सगळेच करतात. मला वाटलं, थोडं काय म्हणून? घरी काय कमी आहे? नागपंचमीच्या आधी मी घरचं लोणकढं तूप आणि दुधाच्या चरव्या मातीत ओतल्या. वरून गुळाचं पाणीही शिंपडलं, माती धरून राहावी म्हणून. मंजुळा दारात उभी राहून पाहत होती. तिनं फक्त विचारलं, "मातीले जेवू घालून राह्यले काय?"

दुसऱ्या दिवशी पोरं मातीत उतरली आणि अंगाला माती लावल्याबरोबर नाचू लागली. मुंग्या. तांबड्या, चावऱ्या, चिखलीपर्यंतच्या सगळ्या जणू निमंत्रण देऊन बोलावलेल्या. पोरांच्या लंगोटांत शिरल्या. एकजण तर तसाच ओढ्यावर धावत गेला आणि धुणं धुणाऱ्या बायांनी त्याची जी शोभा केली ती अजून सांगतात. मी राख टाकली, हळद टाकली, माती उन्हात पसरली. मुंग्या जोत्याच्या दगडांत बिळं करून बसल्या. तेल गेलं, तूप गेलं, म्हणीतलं धुपाटणं तरी हाती येतं. माझ्या हाती मुंग्या आल्या.

"मुंग्या जाईपर्यंत तिकडं खेळतो," असं म्हणून पोरं ओढ्याकाठी गेली. भगवंताही गेला. मुंग्या पावसाळ्यानंतर गेल्या. पोरं काही परत आली नाहीत.

मी वाट पाहिली. माती नवी टाकली, बदाम आणले, खुराकाचं दूध दुप्पट केलं. एकदोघं येऊन दूध पिऊन जायची आणि जोर मारायला तिकडं. शेवटी मी मान-अपमान गुंडाळून ठेवला आणि पिंजाऱ्याच्या दारात गेलो. तो पिंजणाची तात, म्हणजे तिची ताणलेली दोरी, घासत बसला होता.

"माह्या पोराले काऊन ठेवून घेतलं?" मी म्हणालो.

"मी काय दाव्यानं बांधला त्याले? सकाळी येते, जोर मारते, जाते."

"त्याच्या हातात माहा गंडा हाये."

"हाये ना. मी कुठी दुसरा बांधला?" त्यानं तात बाजूला ठेवली. "रंगराव, ऐक. तुह्या तोंडातून शब्द निघेपर्यंत मी त्याले गंडा बांधत नाई. तोवर थो तुहाच पठ्ठा. दंगलीत तुह्या नावानं खेळंल. मले फक्त त्याची मान नीट करू दे. लय खाली घालते."

मान खाली घालायला त्याला मी शिकवलं होतं. समोरच्याचा पाय पकडून ओढायचा त्याला पट म्हणतात. मी स्वतः पट काढताना बैलासारखी मान खाली घालून घुसायचो, आणि माझ्या अंगात बळ असल्यानं ते चालून जायचं. चप्पल घालून घरी आलो आणि त्या दिवशी जेवलो नाही. पोरगं हिसकावलं असतं तर भांडता आलं असतं, चार माणसं गोळा करता आली असती. त्यानं हिसकावलंच नाही. नाव माझं, गंडा माझा आणि पोरगं त्याचं, असं मधल्या मध्ये लोंबकळत ठेवलं.

पुढची दोन-तीन वर्षं मी काय काय पाहिलं ते सांगतो. झुंबरबाई म्हणून एक विधवा होती. तिचा पोरगा लोकांच्या शेतातून कापूस चोरायचा. तिनं त्याला कानाला धरून आखाड्यावर नेलं आणि सांगितलं, मारा नाहीतर तारा. पिंजाऱ्यानं त्याला ना मारलं ना एक डाव शिकवला. फावडं हातात दिलं आणि रोज आखाडा खणायला लावला. रोज. बाकीचे कुस्ती खेळायचे आणि हा माती उलथवायचा. पुढं तोच पोरगा पोलिसात भरती झाला, आणि आता त्याला पाहून चोर पळतात. झुंबरबाई सगळ्या गावाला सांगत फिरायची. माझ्या ओट्यावर येऊन मलाही सांगून गेली, जसं काही मीच तिला विचारायला गेलो होतो.

पटकीची साथ आली तेव्हा विहिरीतलं पाणी उकळून घरोघर पोचवायला आणि मेलेल्यांना न्यायला माणसं मिळेनात. पिंजाऱ्याची पोरं गेली. कोणाच्या घरात शिरतो, कोण कोणाच्या जातीचा, काही विचारलं नाही. वस्तादानं सांगितलं, उचला, आणि त्यांनी उचललं. एकदा बाजारात दोन भावक्यांची बांधावरून काठ्या घेऊन मारामारी जुंपली. गुलाम रसूल भजी खात होता. तो भज्यांचा कागद हातात घेऊन तसाच मध्ये जाऊन उभा राहिला, आणि दोन्हीकडच्या पोरांनी काठ्या खाली केल्या, कारण दोन्हीकडची पोरं त्याचीच होती. मग तो त्यांना शिव्या देत परत भज्यांच्या कढईकडं गेला. मी शेजारच्याच दुकानात होतो. गावात जमीन माझी, मान माझा, पंचायतीत मला बोलावणं. आणि मी मध्ये पडलो असतो तर पहिली काठी माझ्याच डोक्यात बसली असती. हे मला तेव्हा स्वच्छ समजलं आणि घशाखाली उतरेना.

घरात तर त्याहून वाईट. भगवंता जेवताना ताटात काही टाकेना. विचारलं का, तर म्हणे, "वस्ताद म्हणते, ताट पुसून खाव." आईला पाणी शेंदून देऊ लागला, का, तर वस्ताद म्हणते. सकाळी मी उठायच्या आत बैलांना वैरण टाकलेली असे. मंजुळा खूष. मी हीच कामं त्याला ओरडून, दोनदा पट्ट्यानं मारून सांगितली होती. वस्ताद म्हणते, वस्ताद म्हणते. माझ्याच घरात, माझ्याच ताटावर बसून, तो पिंजारी रोज जेवून जायचा.

चैत्रात मारुतीच्या जत्रेला धाडला दंगल भरायची. त्या वर्षी भोकरदनकडून मोगलाईतला एक पैलवान आला होता, आमच्या वऱ्हाडातल्या तिघांना पाडून बसलेला. त्याच्यासमोर भगवंताची जोड लागली. हलगी वाजली, आणि पुकारणाऱ्यानं बेंबीच्या देठापासून आवाज दिला, "धाडच्या रंगराव वस्तादाचा पठ्ठा, भगवंता." मी पहिल्या रांगेत बसलो होतो, समोर पंचांच्या पुढ्यात फेट्याचं ताट. एवढी वर्षं ज्यासाठी जळलो ते ऐकलं. अंगावर मूठभर मांस चढलं. मी वळून पाहिलं, गुलाम रसूल कुठं आहे. तो मागं, ऊस विकणाऱ्याच्या गाडीजवळ, पोरांच्या गर्दीत उकिडवा बसला होता आणि मिशीवरून बोट फिरवत होता. त्याचं तोंड काही पडलेलं दिसलं नाही.

कुस्ती लांबली. मोगलाईतला जड होता. त्यानं भगवंताला खाली घेतला आणि वर बसला. मी ओरडायला लागलो, "उठ, उठ बे, जोर लाव." बाकीचेही ओरडत होते. भगवंता मातीत तोंड घालून पडला होता, हलेना. मागून गुलाम रसूल एकदाच खाकरला. मोठ्यानंही नाही, विडी ओढणारे खाकरतात तसा. आणि मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, एवढ्या आरडाओरड्यात पोराचा कान त्या बाजूला वळला. मी दहा हातांवर बसून घसा फोडत होतो ते त्याला ऐकू येत नव्हतं. तो श्वास धरून तसाच पडून राहिला. वरच्याला वाटलं पोरगं संपलं. त्यानं पकड बदलायला एक हात सोडला, आणि भगवंता त्या सुटलेल्या बाजूनं असा फिरला की मोगलाईतल्याची पाठ मातीला लागली. लोक आखाड्यात घुसले.

भगवंता गर्दीतून वाट काढत आधी माझ्याकडं आला. माझ्या पायांवर डोकं ठेवलं. पंचांनी फेटा मला बांधला. लोकांनी माझ्या नावानं आरोळी ठोकली. काहीच कमी नव्हतं, मागितलं ते सगळं पदरात पडलं होतं. मग पोरगं उठलं आणि उसाच्या गाडीकडं गेलं. गुलाम रसूल उभा राहिला. त्यानं भगवंताच्या मानेवर एक सणसणीत चापट ठेवून दिली.

"मान काऊन खाली घातली बे? म्हून खाली गेल्ता तू. हजारदा सांगून राह्यलो."

"चुकलं वस्ताद," भगवंता म्हणाला आणि हसला. चापट खाऊन, एवढ्या लोकांत, सगळे दात दाखवून हसला.

माझ्या डोक्यावर नवा फेटा होता आणि आत आग पेटली होती. मी पोराला पट्ट्यानं मारलं तेव्हा त्याचे डोळे जमिनीवर असायचे. माझ्या पाया पडला तोही वाकून, डोळे खालीच. त्या दिवशी मला कोणी विचारलं असतं, तर मी फेटा देऊन ती चापट मारायचा हक्क घेतला असता.

पुढं गावात जे सुरू झालं ते सहन होईना. ज्या त्या ओट्यावर एकच गोष्ट. पहा, शिकवलं त्यानं आणि नाव दिलं रंगरावाला. पहा, केवढं मन. भर घालायला कोणी ना कोणी म्हणे, "तसा गंडा त्यानं कवाच बांधला असता, पर शब्द दिलेला ना." म्हणजे माझ्या मनगटभर दोऱ्यामुळं त्याची कीर्ती वाढत होती. मी विचार केला. गंडा त्यानं एकदा बांधला, की पुढचे फेटे त्याला मिळतील, पुकारा त्याच्या नावाचा होईल, आणि तो चार वस्तादांसारखा एक वस्ताद होईल. मोठेपणा संपला. त्याचं हे न घेणंच काढून घ्यायचं. मी मंजुळाला म्हणालो, नागपंचमीला भगवंताला घेऊन आखाड्यावर जातो, 'दिला' म्हणून सांगतो. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "मोठं मन केलं तुमी," ती म्हणाली. मी तिची समजूत दुरुस्त केली नाही.

नागपंचमीला ओढ्याकाठी माती खणून ठेवली होती. पोरं गोल बसली होती, जुनी झालेली, लेकुरवाळी झालेली माणसंही आली होती. मी नारळ ठेवला. गुलाम रसूल नुकता अंघोळ करून आला होता, मिशी लालभडक. मी म्हणालो, "दिला." दोनच अक्षरं, चारचौघांत, तोंडानं. मग रीतीप्रमाणं भगवंताच्या मनगटावरचा माझा गंडा मीच सोडायला बसलो. दोरा घामानं, मातीनं, वर्षांनी घट्ट झाला होता. गाठ सुटेना. नखं लावली, दात लावायला लागले. भगवंता हात पुढं करून शांत उभा होता.

सुटला. गुलाम रसूलनं नवा काळा दोरा हातात घेतला, पण बांधला नाही. कडूबाच्या वेळची एक रीत आहे. नवा गंडा बांधण्याआधी शागिर्दाला विचारतात, आणि त्यानं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायचं असतं.

"तुले पयला डाव कोनं शिकवला?"

आम्ही या प्रश्नाचं उत्तर पोरवयात शाळेतल्या पाढ्यासारखं पुटपुटून द्यायचो. भगवंता पुटपुटला नाही. त्यानं वाकून चिमूटभर माती उचलली, कपाळाला लावली. मग उजवा हात कानाच्या पाळीला लावला, जसा मोठ्या गुरूचं नाव घेताना लावतात, आणि मान वर करून म्हणाला, "रंगराव वस्तादानं. माह्या बानं."

गोल बसलेल्या सगळ्यांचे हात कानाला गेले. गुलाम रसूलचाही गेला.

मी हातात सोडलेला दोरा घेऊन उभा होतो. घरात माझं नाव निघायचं ते बा आला, उठा, गप्प बसा, अशा धाकानं. ते असं, कानाला हात लावून, ताठ मानेनं घ्यायला या पोराला मी कधी शिकवलं नव्हतं. कोणी शिकवलं ते समोर दिसत होतं. जन्मात मिळालेला सगळ्यात मोठा मान मला त्या पिंजाऱ्याच्या हातून मिळाला, आणि तो घेताना मी त्याच्यावर जळतच होतो.